तांबड्या ठिपक्याची बाजू

कॅरमबोर्ड रिक्षात आडवा मावत नाही, आणि उभा ठेवला तर माणसं मावत नाहीत. शेवटी अप्पा एका कडेला, मी दुसऱ्या कडेला आणि मधे तो काळ्या चौकटीचा, म्हशीसारखा जड बोर्ड, अशी आमची वरात जुळे सोलापुरातून पूर्व भागाकडे निघाली. मला अप्पांचा फक्त डावा गुडघा दिसत होता.

"अप्पा, तिथं गेल्यावर तुम्ही आधी काय बोलणार?" मी बोर्डाच्या अलीकडून विचारलं.

पलीकडचा गुडघा आधी जरा हलला. मग आलं, "नमस्कार म्हणेन."

"आणि मग?"

"मग तेही नमस्कार म्हणतील की."

तेव्हाच मला कळून चुकलं की हे भांडण मलाच भांडावं लागणार.

आता मी बारावीत आहे आणि वर्गात मला भोंगा म्हणतात. सरांशी, कंडक्टरशी, लग्नातल्या अनोळखी मावशांशी, मी कुणाशीही बिनदिक्कत बोलते. पण तेव्हा मी नववीत होते, आणि तोंडानं 'हजर' म्हणावं लागू नये म्हणून हजेरीला हात वर करणाऱ्यातली होते. हा गुण अप्पांचा. आमचे अप्पा म्हणजे देवळाबाहेरून नव्या चपला गेल्या तर अनवाणी घरी येऊन "त्याला जास्त गरज असेल" म्हणणारा माणूस. ते औषधांच्या दुकानात काम करतात. गिऱ्हाईकानं आवाज चढवला की गिऱ्हाईकाच्या आधी ह्यांचंच बीपी वाढतं.

मला तोंड फुटलं ते कॅरममुळं. आठवीत एकदा मोकळ्या तासाला खेळाच्या जमादार मॅडमनी आम्हा मुलींना बोर्डापाशी बसवलं आणि मी पहिल्याच डावात राणी घेतली, वर कव्हरही घेतलं. मॅडम म्हणाल्या, "कोण गं तू? एवढे दिवस कुठं होतीस?" मी पहिल्या बाकावरच होते. पण त्या दिवसापासून मी लोकांना दिसायला लागले, आणि दिसायला लागल्यावर हळूहळू ऐकूही यायला लागले.

नववीत शाळेच्या संघात माझं नाव लागलं. जिल्ह्याची निवड चाचणी डिसेंबरात होती आणि शाळेतला एकुलता एक बोर्ड दहावीच्या पोरांनी अडवून ठेवलेला. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "बिराजदार, घरी बोर्ड आला तर तुझं काही होईल. नाहीतर चाचणीला जाऊन वडापाव खाऊन येशील."

चांगल्या नव्या बोर्डाची किंमत ऐकून आईनं थंडीत पंखा लावला. मग मी अप्पांच्या मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपमध्ये शोध शोध शोधलं. एके दिवशी ते सापडलं. फोटोत काळाभोर बोर्ड आणि खाली दोनच वाक्यं: 'जुना पण जातिवंत. खेळणाऱ्यालाच देणे.' विकणारे श्रीनिवास गज्जम, राहणार पूर्व भाग, सोलापूर. मला तर तो माझ्याच नावानं काढलेला हुकूम वाटला.

आम्ही जाऊन पाहूनही आलो, हे महत्त्वाचं. फसवले गेलो म्हणायची सोय नाही. गज्जम काकांनी रस्त्यालगतच्या लांबट खोलीत चौरंगावर बोर्ड मांडला, पावडर टाकली आणि मला म्हणाले, "हळू मारून बघ, पोरी. जोरात तर कुणीबी मारतं." मी हळू मारलं. सोंगटी इतकी सावकाश निघाली की मधल्या वेळात मी पाणी पिऊन आले असते, पण गेली ती सरळ, ओळंब्यासारखी, आणि पॉकेटच्या तोंडाशी क्षणभर थांबून आत उतरली. माझ्या अंगावर काटा आला. निघताना काकांनी बोर्डाच्या एका बाजूला चौकटीवर काढलेला तांबडा ठिपका दाखवला. "ही बाजू पूर्वेला ठेवायची. आमच्या नानांचा नियम हाय. नाना म्हंजे माझे वडील. बोर्ड त्यांचा."

घरी आणला, टीपॉयवर ठेवला, ठिपका पूर्वेला केला, आणि पहिलीच हळू मारलेली सोंगटी शेवटच्या वीतभर अंतरात वाकडी झाली. तांबड्या ठिपक्याच्या बाजूला. जोरात मारलं तर सरळ जायची, पण हळू मारली की संपता संपता मान वळवायची, जसं त्या बाजूनं तिला कुणी हाक मारतंय. मी बोर्ड जेवणाच्या टेबलावर ठेवला, गच्चीत ठेवला, शेजारच्यांच्या दिवाणखान्यात ठेवला. ठिपका पूर्वेला करा, पश्चिमेला करा, सोंगटी ठिपक्याकडंच.

मग सुरू झाली मेसेजांची लढाई. नाव अप्पांचं, बोटं माझी. मी व्हिडिओ पाठवला. काकांचं उत्तर आलं, 'तुमच्यासमोर खेळून दाखवला होता.' मी दुसरा व्हिडिओ पाठवला. उत्तर, 'नेताना आपटला असेल.' मी लिहिलं, रजई घालून नेला. तर ते म्हणे, 'नाचता येईना अंगण वाकडं.' हे वाचून मी असं काही लिहिलं की अप्पांनी पाहिलं असतं तर दुकानातल्या सगळ्या गोळ्या पुरल्या नसत्या. त्यावर दोन दिवस शांतता. मग काकांचा एक लांब मेसेज आला: 'नानांच्या बोर्डात आजवर कुणी खोट काढली नाही. रविवारी बोर्ड घेऊन या. माझ्या घरी वाकडा चालला तर पैसे परत. सरळ चालला तर पुन्हा मेसेज करायचा नाही.'

आईनं तो वाचला आणि आपलाही निकाल देऊन टाकला. "सोक्षमोक्ष लावूनच या. बोर्ड असाच परत आला तर मी त्यावर पापड वाळत घालीन, आणि ह्या घरात कॅरम हा विषय संपला. दहावी तोंडावर आलीय हिची."

म्हणून ती रिक्षा, तो बोर्ड आणि अप्पांचा डावा गुडघा.

गज्जम काकांच्या गल्लीत शेजारच्या घरातून मागाची खटखट येत होती. काका दारातच उभे. उंच, रुंद, मिशीचे, पांढऱ्या बनियनवर टॉवेल टाकलेले. रिक्षावाल्याला त्यांनी बजावलं, "थांबा हितंच. पाच मिंटात परत जाणारेत हे."

"नमस्कार," अप्पा म्हणाले.

"नमस्कार," काका म्हणाले.

अप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, की बघ, सांगितलं नव्हतं?

खोलीत काकांची आई पाय पसरून चिंच सोलत बसली होती. मागच्या खेपेला ती वरच्या मजल्यावर होती, त्यामुळं पहिल्यांदाच पाहत होते. सुरकुतलेली, पण डोळे कसे, आत्ताच कुणाची तरी गंमत ऐकल्यासारखे. काका म्हणाले, "ही अम्मा. गुडघ्यामुळं जिना चढवत न्हाई, तिची कॉट ह्या खोलीत आणायचीय, पायाला वीट लावावी लागंल पण आणायचीय, म्हणून बोर्ड काढला. हौस म्हणून न्हाई विकला." शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं.

चौरंग आला. बोर्ड ठेवला. काकांनी तांबडा ठिपका पूर्वेला, म्हणजे दाराकडं केला, हातानं पावडर सारखी केली आणि बाजूला सरून म्हणाले, "मार."

मी मारलं. हळू.

सोंगटी सरळ गेली.

मी दुसरी लावली. सरळ. दुसऱ्या अंगानं मारलं. सरळ. घरी वळायची तिथं डोळे लावून बसले, पण ती वळायचं नावच काढीना. एवढी गुणाची सोंगटी मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि इतकी चीडही कधी कुणाची आली नव्हती.

"झालं?" काका म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "आमचे नाना रंगारी होते, ताई. दिवसभर सूत रंगवायचे. हात कोपरापर्यंत निळे. संध्याकाळी साबणानं तीन तीनदा धुऊन मग बोर्डाला हात लावायचे. त्या बोर्डाला तुम्ही लिहिलं, काय लिहिलं होतं? 'भंगार.'"

अप्पांनी हे पहिल्यांदाच ऐकलं. ते हळूच म्हणाले, "शांभवी, तू असं लिहिलंस?"

"ते अंगण वाकडंच्या नंतर लिहिलं," मी म्हणाले.

"चला, ऊठ," अप्पा म्हणाले. "काका, चूक झाली. आम्ही निघतो." आणि त्यांनी बोर्डाच्या एका कडेला हात घातला.

मला डोळ्यांपुढं पापड दिसले. उडदाचे, एकाला एक चिकटून, राणीच्या लाल वर्तुळावरसुद्धा एक. मी उठलेच नाही. उठले असते तर घरापर्यंत रडत गेले असते, आणि रिक्षात बोर्डाच्या अलीकडं कुणी पाहिलंही नसतं. मी त्या ठिपक्याकडं बघत राहिले. घरी कुठंही ठेवला, कसाही ठेवला, तरी सोंगटी ह्याच बाजूला पळायची. इथं नाही. मग इथं...

"काका," मी म्हणाले, "एकदा फिरवून बघू या?"

"काय फिरवून?"

"बोर्ड. ठिपका तिकडं करू, दारासमोरच्या कपाटाकडं."

"नाय नाय. ठिपका पूर्वेलाच असतो."

"पण का?"

"का म्हंजे? पूर्वेनं लक्ष्मी येते. नाना कुणाला फिरवू द्यायचे न्हाईत. एकदा मी लहानपणी फिरवला होता तर फटका खाल्लाय."

"एकदाच, काका. सरळ गेली तर मी स्वतः माफीचा मेसेज टाकते. मोठ्ठा."

"अगं, घरातल्या रीतीचा प्रश्न हाय."

इतका वेळ चिंचोके काढणारी अम्मा तोंडातल्या तोंडात काहीतरी तेलुगूत म्हणाली. काका तिच्याकडं वळले. ती मग आमच्यासाठी मराठीत म्हणाली, "फिरव की, शिनू. बिड्डा, लेकरू म्हणतंय तर फिरव. लक्ष्मी दारात उभी ऱ्हाईल थोडा येळ."

आईपुढं काकांचं काही चाललं नाही. त्यांनी बोर्ड उचलला, अर्धा गोल फिरवला आणि ठेवला. ठिपका आता कपाटाकडं होता. मी सोंगटी लावली. मग मारलं, अगदी हळू.

सोंगटी निघाली, अर्ध्यावर गेली, आणि तिथून जी वळली ती सरळ कपाटाच्या बाजूच्या चौकटीलाच जाऊन टेकली. घरी वळायची त्याच्या दुप्पट.

काकांनी दुसरी सोंगटी घेतली आणि स्वतः मारली. तीही वळली. त्यांनी बोर्ड परत पूर्वीसारखा केला, मारली, सरळ. परत फिरवला, मारली, वाकडी. त्यांच्या कपाळावर घाम आला. "हे काय बे," ते बोर्डालाच म्हणाले.

मला मात्र एकदम सगळं समोर दिसलं. मी स्ट्रायकर घेतला, बोर्डावर नाही, खाली शहाबादी फरशीवर चाकासारखा उभा धरला आणि सोडून दिला. ढकलला नाही, शपथ. स्ट्रायकर क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला, मग निघाला, गडगडत खोलीभर गेला आणि कपाटाखाली दिसेनासा झाला.

काका गुडघ्यावर बसून कपाटाखाली वाकले. अप्पाही वाकले, कारण कुणी वाकलं की अप्पा वाकतात. खालून अप्पांचा आवाज आला, आल्यापासून त्यांनी काकांना विचारलेला पहिला प्रश्न. "काका, ह्या पायाखाली लाकडाची ढलपी कुणी घातलीय?"

"मीच घातलीय. कपाट पुढं झुकत हुतं."

"आणि कॉटच्या पायाला वीट लागेल असं मघाशी म्हणालात."

"ती तर लागंलच. हितं काहीबी ठेवलं तर..." काका थांबले. स्ट्रायकर हातात घेऊन त्यांनी कपाटाखालून डोकं बाहेर काढलं. मिशीला जळमट लागलं होतं. "अम्मा," ते म्हणाले, "ही खोली उताराची हाय?"

अम्मानं चिंचेचं ताट बाजूला सारलं. "रंगाची खोली ना रे ही. तू पाळण्यात होता तेव्हा हितं चार हौद होते. रंगाचं पाणी सांडायचं, मग मी खराट्यानं लोटायची. त्या कपाटाखाली मोरीचं भोक हाय, बुजवलं मागनं. फरशी सपाट घातली असती तर पाणी काय उडत गेलं असतं?"

"मग नाना बोलले कसे न्हाईत कधी?"

"काय बोलणार? तुझ्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या. पाहुणे ह्याच खोलीत बसायचे. वाकड्या घरातली पोरगी म्हटलं असतं लोकांनी. म्हणून तुझा नाना फरशीवर सतरंजी टाकायचा आणि बोर्डाला पूर्व दाखवायचा." ती हसली. "लक्ष्मी म्हणे. मीबी म्हटलं, असू दे लक्ष्मी."

काकांनी सावकाश बोर्ड उलटा केला. चौकटीखाली चारी बाजूंनी काळ्या रंगाच्या पट्ट्या बसवलेल्या होत्या. आम्ही पाहताना, नेताना, रजई घालताना कितीदा हात लावला होता त्यांना, आणि सगळ्यांना त्या चौकटीचाच भाग वाटल्या होत्या. आता निरखून पाहिल्यावर दिसलं की ठिपक्याच्या समोरच्या बाजूची पट्टी बोटभर जाड होती, आणि तिथून पुढं बाकीच्या निमुळत्या होत होत ठिपक्यापाशी कागदाएवढ्या उरल्या होत्या. कुठं खडबड नाही, सांधा नाही. काकांनी त्यांवरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा.

"रंध्यानं घासून घासून केल्यात," ते म्हणाले. "सुतारकाम तर यायचंबी न्हाई त्यांना."

मग ते माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, तुला मी मेसेज काय टाकला होता..."

"राहू द्या, काका. मी पण भंगार म्हटलं होतं."

इथं गोष्ट संपायला हवी होती, नाही का? दोघंही खरे निघाले होते. पण काका उठले, आत गेले आणि पाकीट घेऊन बाहेर आले. "बोललो होतो, वाकडा चालला तर पैसे परत. घ्या."

"अहो, बरं झालं," अप्पांचा चेहरा उजळला. न भांडता काम झाल्याइतका आनंद त्यांना कशाचाच होत नाही. "कुणाचाच दोष नाही म्हणजे."

"बोर्ड हितंच ऱ्हाऊ द्या," काका म्हणाले. "आता मी हा कुणालाच विकत न्हाई. नानांनी असं करून ठेवलंय आणि मला माहीतबी नव्हतं."

आम्ही मागायला आलो होतो तेच मिळत होतं, आणि चाचणी दोन आठवड्यांवर आली होती, आणि दुसरा बोर्ड कुठून आणणार होतो? शिवाय मला दुसरा नकोच होता. ज्या बोर्डावर ती पहिली सोंगटी सरळ गेली होती तोच हवा होता. अप्पांनी पैसे घ्यायला हात पुढं केला.

"अप्पा, थांबा," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले असणार, कारण शेजारचा माग बंद झाल्यासारखं वाटलं. "काका, तुम्ही खेळणार यावर?"

"खेळंन की. कधीतरी."

"कुठं? इथं अम्मांची कॉट येणार."

"उभा करून ठेवंन भिंतीला."

"मग उभ्या बोर्डाला सरळ काय नि वाकडं काय?"

काकांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. मला वाटलं, आता हे चिडणार. पण मी इतकी पुढं गेले होते की मागं यायचा रस्ता आठवत नव्हता. "नानांनी हे सगळं कशासाठी केलं? बोर्ड सरळ चालावा म्हणूनच ना? आमच्या घरी पट्ट्या काढल्या तरच तो सरळ चालेल. मग पट्ट्या काढू या आणि तुम्ही ठेवा. त्याच तर नानांच्या हातच्या आहेत. बोर्ड कारखान्यातला आहे, काका. आणि तुम्हीच लिहिलं होतं, खेळणाऱ्यालाच देणे. मी खेळते."

अप्पांचा हात अजून तसाच पुढं होता.

"ह्या पोरीचं तोंड," अम्मा म्हणाली, "कुठल्या गिरणीत करून आणलं हो?"

"घरी एवढं बोलत नाही ती," अप्पा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला काहीतरी ऐकू आलं. त्याला अभिमान म्हणतात हे मला नंतर कळलं. त्यांनी हात मागं घेतला. "पैसे राहू द्या, काका. तिला बोर्डच हवाय."

काका आणखी थोडा वेळ पट्ट्यांकडं बघत बसले. मग आत जाऊन स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले.

स्क्रू जुने, गंजलेले, एकेक काढताना कुरकुरत होते. काकांनी मला बोर्ड घट्ट धरायला सांगितलं आणि काढता काढता ते नानांबद्दल सांगत राहिले. ब्रेक कसा मारायचे, हरले की चहा कसा सोडायचे. मधेच म्हणाले, "तू राणीच्या मागं फार लवकर धावतेस. मागच्या खेपेला बघितलं मी. आधी आपल्या सोंगट्या कमी कर, राणी कुठं पळून जात न्हाई." जमादार मॅडमनी वर्षभर सांगूनही मला कळलं नव्हतं ते तिथं, उलट्या बोर्डापाशी बसून कळलं. चाचणीत मी राखीव खेळाडू म्हणून निवडले गेले, आणि पुढच्या वर्षी राखीव नाही. पण ते पुढचं.

चारी पट्ट्या निघाल्या. काकांनी त्या पुसल्या, खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळल्या आणि देवांच्या फळीवर ठेवल्या. बोर्ड आता सडसडीत दिसत होता. बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

"चला, उचला," काका म्हणाले.

"थांब," अम्मा म्हणाली. ती भिंतीला धरून उठली, हात पदराला पुसले, आणि बोर्डापाशी येऊन मांडी घालायचा प्रयत्न केला. जमली नाही, तेव्हा एक पाय लांब सोडून बसली. "एक डाव लाव."

"अम्मा, आता हितं वाकडा चालंल. पट्ट्या काढल्यात."

"चालू दे की."

"आणि तुला कुठं येतं?"

"कशानं येणार?" अम्मा म्हणाली. "रोज सांजच्याला ह्याच खोलीत चौघं बसायचे. मला बोलवायचे ते चहा आणायला. उभा जन्म दारात कप घेऊन बघितलंय मी." तिनं माझ्याकडं वळून स्ट्रायकर मागितला. "दाव गं बिड्डा, बोट कसं धरायचं."

मी दाखवलं. चिंचेनं काळवंडलेलं बोट, थोडं वाकडं झालेलं, पण स्थिर. मी कोपऱ्यातल्या पॉकेटच्या रोखानं एक पांढरी सोंगटी सोपी करून ठेवली. अम्मानं ती बघितली, फरशीकडं बघितलं, आणि नेम धरला भलतीकडंच, पॉकेटच्या चांगला वीतभर दाराच्या अंगाला.

"अम्मा, तिकडं नाही, इकडं," काका म्हणाले.

"गप रे. हितलं पाणी कुठं जातं मला ठाऊक हाय."

तिनं हळू टिचकी मारली. सोंगटी निघाली ती चौकटीकडंच. काकांनी 'च्' केलं. मग अर्ध्यावर तिचा जोर सरला, आणि ती वळायला लागली, सावकाश, कपाटाच्या बाजूला, आणखी थोडी, आणखी थोडी, आणि पॉकेटच्या तोंडाशी येऊन आत उतरली.

काका आईकडं बघत होते. अप्पा माझ्याकडं बघत होते. बाहेर रिक्षावाला इंजिन बंद करून दारात येऊन उभा राहिला होता आणि त्यानं आपली चप्पलही काढली होती.

अम्मानं पुढचा नेम शोधत बोर्डावरून नजर फिरवली, आणि स्ट्रायकर परत घ्यायला माझ्यापुढं हात केला.

"ह्या डावात," ती म्हणाली, "चहा शिनू करंल."